स्किझोफ्रेनियात सेरोटोनिनचा वाटा किती? सत्तर वर्षांच्या वादाचा आढावा

स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला घेऊन आलेले नातेवाईक पहिल्या-दुसऱ्या भेटीतच डॉक्टरांना विचारतात, ‘‘नेमकं बिघडलंय काय?’’ बाहेर रांग असते, वेळ कमी असतो. ‘‘मेंदूतल्या रसायनांचा समतोल बिघडलाय,’’ असं उत्तर मिळतं. कुणी फारच खोदून विचारलं तर डोपामिनचं नाव निघतं. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आज सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आणि क्लोझापिन या तिन्ही औषधांची पकड डोपामिनच्या रिसेप्टरपेक्षा, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या बसण्याच्या जागेपेक्षा, सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर अधिक घट्ट असते. शिवाय या आजाराचा रासायनिक उलगडा करण्याचे जे पहिले गंभीर प्रयत्न झाले, त्यांत सेरोटोनिनचा सिद्धांत डोपामिनच्या बराच आधी येतो.

तो १९५४ साली मांडला गेला, काही वर्षांत मोडीत निघाला आणि पुढे दोनदा वेगळ्या रूपात परतला. आज तो कुठे उभा आहे, कोण काय म्हणतं आणि कशाचा निकाल लागायचा आहे, हे इथे पाहू. एक भेद मात्र आधीच ध्यानात ठेवावा, कारण या वादातला निम्मा गोंधळ तो विसरल्यामुळे झाला आहे. आजार कशामुळे होतो हा एक प्रश्न आणि औषध कुठे काम करतं हा दुसरा. हृदय अशक्त झाल्यामुळे पायांवर आलेली सूज लघवी वाढवणाऱ्या गोळीनं उतरते, म्हणून दोष मूत्रपिंडात होता असं ठरत नाही.

रक्तातून मेंदूत

सेरोटोनिन हे काही मानसोपचाराचं अपत्य नव्हे. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर १९३०च्या दशकापासून आतड्याच्या अस्तरातल्या एका द्रव्याचा पाठपुरावा करत होते; त्यांनी त्याला एन्टेरामिन म्हटलं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अर्विन पेज यांना रक्तदाब का वाढतो ते शोधायचं होतं. रक्त गोठलं की सीरममध्ये उतरणारा, रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ त्यांच्या प्रयोगांत सारखा आडवा येई. मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि पेज यांनी १९४८ साली तो वेगळा काढला आणि पुढच्या वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची रचना सांगितली : ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन, थोडक्यात ५-एचटी. एन्टेरामिन आणि सेरोटोनिन एकच, हेही लवकरच कळलं. शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन आतड्यात असतं. मेंदूच्या वाट्याला येतं ते अगदी थोडं.

ते थोडं तिथे आहे हे दाखवलं बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेनं. तिची पद्धत आज जुनाट वाटेल, पण त्या काळी तिच्याइतकी संवेदनशील दुसरी नव्हती. समुद्रातल्या शिंपल्यात राहणाऱ्या, आपल्या तिसऱ्यांच्याच जातकुळीतल्या एका प्राण्याचं हृदय सेरोटोनिनच्या अतिसूक्ष्म मात्रेलाही प्रतिसाद देतं. ते इवलंसं हृदय काढून द्रावणात टांगायचं, त्यावर मेंदूचा अर्क सोडायचा आणि ठोक्यांचा आलेख बघायचा. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असतं, हे ट्वारोग आणि पेज यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलं.

तोवर दुसऱ्या एका रसायनाची कीर्ती पसरली होती. बाझलच्या सॅन्डोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी बनवलं होतं. त्याचा मनावरचा परिणाम त्यांना १९४३ साली स्वतःच्याच अंगावर कळला. ग्रॅमच्या काही लक्षांश भागांइतकी मात्रा घेतली तरी माणसाला रंग हलताना दिसतात, वेळेचं भान सुटतं, ‘मी’ आणि ‘बाहेर’ यांतली सीमा पुसट होते. इतक्या कणभर पदार्थानं एवढी उलथापालथ होते त्या अर्थी तो मेंदूतल्या एखाद्या ठरावीक जागीच नेम धरत असणार, असा तर्क साहजिक होता. एडिनबरोत जॉन गॅडम यांनी १९५३ साली ती जागा दाखवली. उंदराच्या गर्भाशयाचा स्नायू सेरोटोनिननं आकुंचन पावतो आणि एलएसडी दिलं की ते आकुंचन थांबतं. गॅडम यांनी पुढे स्वतःही एलएसडी घेऊन पाहिलं. त्या पिढीतल्या संशोधकांची ती रीतच होती.

या दोन धाग्यांची गाठ मारली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या डी. डब्ल्यू. वूली आणि ई. शॉ यांनी. मधुमेहानं ऐन तारुण्यात दृष्टी गेलेले वूली रसायनांच्या आकृती मनातल्या मनात फिरवून पाहत. एखाद्या जीवनावश्यक रेणूसारखा दिसणारा दुसरा रेणू त्याची जागा अडवून कसा घात करतो, हा त्यांचा खास विषय. एलएसडीच्या सांगाड्यात सेरोटोनिनचा सांगाडा लपलेला आहे, हे त्यांच्या लक्षात येणारच होतं. एलएसडी सेरोटोनिनला अडवतं आणि वेडासारखी अवस्था आणतं. तेव्हा नैसर्गिक वेडातही सेरोटोनिनच कमी पडत असावं, असं त्यांनी १९५४ साली लिहिलं. पुढे त्यांनी कमतरतेइतकीच अतिरेकाचीही शक्यता मोकळी ठेवली आणि १९६२ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

सर्पगंधेनं घातलेला पेच

याच सुमारास भारतातली एक मुळी या वादात येऊन पडली. सर्पगंधेचा उपयोग उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होतो, असा निबंध कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिला होता. मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९५४ साली गुण येत असल्याचं कळवलं. १९५७च्या लास्कर पुरस्काराच्या यादीत मुंबईचे वकील आणि न्यूयॉर्कचे क्लाइन शेजारी-शेजारी आहेत.

मग १९५५ साली प्लेचर, शोर आणि ब्रोडी यांनी अमेरिकेत दाखवलं, की रिसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. इथे पेच पडला. सेरोटोनिन अडवणारं एलएसडी माणसाला भ्रमिष्ट करतं आणि सेरोटोनिन संपवणारं रिसर्पिन भ्रमिष्ट माणसाला शांत करतं. दोन्ही एकदम खरं असेल तर कमतरतेचा सिद्धांत उभा राहत नाही.

आणखी दोन प्रयोगांनी तो पुरताच खिळखिळा केला. एलएसडीला ब्रोमिनचा एक अणू जोडला की जो पदार्थ बनतो, तो सेरोटोनिनला एलएसडीइतकाच जोरानं अडवतो, पण घेणाऱ्याला भास होत नाहीत. आणि स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रिसर्पिन दिलेले ससे घेतले. निपचित पडलेल्या सशांना सेरोटोनिनचा कच्चा माल टोचला तर काही फरक पडेना. डोपामिनचा कच्चा माल, म्हणजे डोपा, टोचल्यावर ते थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. या प्रयोगातून पुढे पार्किन्सनचा उपचार निघाला आणि कार्लसन यांना २००० सालचं नोबेल मिळालं. स्किझोफ्रेनियापुरतं बोलायचं तर त्या सशांबरोबर संशोधकांचं लक्षही सेरोटोनिनकडून उठून डोपामिनकडे गेलं.

डोपामिनचा काळ

पुढची पंचवीस-तीस वर्षं झटकन ओलांडता येतात. पॅरिसमध्ये दले आणि दनिकेर यांनी १९५२ साली क्लोरप्रोमाझिन वापरलं. १९६३ साली कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनी अशी औषधं डोपामिनसारख्या रसायनांचे रिसेप्टर अडवत असावीत असं सुचवलं. १९७०च्या दशकाच्या मध्यावर टोरोंटोत फिलिप सीमन यांनी आणि बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या गटानं एक आलेख काढला. एका अक्षावर औषधाची रोजची मात्रा, दुसऱ्यावर डोपामिनच्या रिसेप्टरवरची त्याची पकड. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत आले. ज्या रिसेप्टरला पुढे डी-२ म्हटलं गेलं, त्याच्यावरची पकड जितकी घट्ट, तितकी लागणारी मात्रा कमी. सेरोटोनिनचा असा आलेख काढला तर त्यात काही ताल लागत नव्हता. मानसोपचारात इतका नेटका पुरावा क्वचित मिळतो, त्यामुळे बाकीचे सगळे सिद्धांत मागच्या बाकावर गेले, यात नवल नाही.

क्लोझापिननं उघडलेलं दार

सेरोटोनिन परत आलं ते एका बदनाम औषधाच्या पाठीवर बसून. क्लोझापिन स्वित्झर्लंडमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस बनलं. त्या काळच्या मानसोपचारात असा ठाम समज होता, की औषधानं अंग ताठरलं, हात थरथरले, लाळ गळू लागली तरच ते लागू पडलं. क्लोझापिननं रुग्ण सुधारत, पण अंग ताठरत नसे. ते जम बसवत होतं तोच १९७५ साली फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी कमालीच्या घटून आठ रुग्ण दगावले. बहुतेक देशांत औषध मागे घेतलं गेलं किंवा त्यावर कडक निर्बंध आले.

१९८८ साली जॉन केन आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्यावर आधीची औषधं चाललीच नव्हती अशा २६८ रुग्णांवर सहा आठवड्यांची चाचणी छापली. क्लोरप्रोमाझिनवर ४ टक्के सुधारले, क्लोझापिनवर ३० टक्के. रक्ततपासणीच्या अटीवर औषध परत आलं. ही अट अनेक देशांत आजही आहे. भारतातही क्लोझापिन सुरू झालं की पहिले काही महिने दर आठवड्याला बोटभर कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा येतो, तो पाहूनच पुढच्या गोळ्या दिल्या जातात.

आता खुलासा हवा होता. क्लोझापिनची डी-२वरची पकड तर सैल, मग ते इतरांपेक्षा सरस कसं? क्लीव्हलँडमध्येच, म्हणजे जिथे सेरोटोनिन वेगळं काढलं गेलं त्याच शहरात, हर्बर्ट मेल्टझर यांनी १९८९ साली उत्तर सुचवलं. सेरोटोनिनचा ५-एचटी-२ए हा रिसेप्टर घट्ट आणि डी-२ तुलनेनं सैल धरणं, या दोन्हींचं प्रमाण महत्त्वाचं. नव्या आणि जुन्या औषधांना वेगळं करणारी रेघ याच प्रमाणातून जाते, असं त्यांच्या आकड्यांत दिसत होतं. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीचं कामही याच दिशेनं चाललं होतं. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही १९९०च्या दशकातली औषधं याच सूत्रावर घडली किंवा निदान याच सूत्रावर विकली गेली. विक्रीचा मुद्दा इथे गौण नाही. ‘सेरोटोनिन-डोपामिन अँटॅगोनिस्ट’ हे बिरुद औषध प्रतिनिधींच्या तोंडी इतकं घोळलं, की सिद्धांताची तपासणी व्हायच्या आतच तो पाठ्यपुस्तकात गेला.

तपासणी झाली ती पेट स्कॅनच्या यंत्रात. जिवंत माणसाच्या मेंदूत किती टक्के रिसेप्टर औषधानं व्यापलेत, हे किरणोत्सारी खूण लावून मोजता येऊ लागलं. स्टॉकहोममध्ये क्लोझापिन घेणाऱ्यांची मोजणी झाली तेव्हा डी-२ वरचा ताबा २० ते ६७ टक्के निघाला आणि सेरोटोनिनच्या रिसेप्टरवरचा ८४ ते ९४ टक्के. मेल्टझर यांच्या बाजूनं याहून बोलका पुरावा नसेल.

पण त्याच यंत्रानं दुसरी बाजूही दाखवली. टोरोंटोत शितिज कपूर, गॅरी रेमिंग्टन आणि सहकाऱ्यांच्या मोजणीत रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांच्या अगदी कमी मात्रेतही ५-एचटी-२ए जवळजवळ पूर्ण भरलेला दिसे. भास आणि संशय मात्र तेवढ्यानं हटत नसत. गुण यायला लागे तो डी-२ वरचा ताबा ६५ टक्क्यांच्या आसपास गेला की. ७८ टक्क्यांच्या वर गेला की अंग ताठरू लागे. रिस्पेरिडोनची मात्रा वाढवली की सेरोटोनिनचा रिसेप्टर गच्च भरलेला असूनही रुग्ण ताठरतोच, हे तर प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञानं पाहिलेलं आहे. कपूर आणि सीमन यांनी २००१ साली वेगळाच खुलासा दिला : क्लोझापिन डी-२ वर बसतं, पण पटकन उठतं, सगळी करामत त्या उठण्यात आहे. आणि अ‍ॅमिसल्प्राइड हे औषध तर ५-एचटी-२एला शिवतही नाही, तरी ते ‘नव्या’ औषधांसारखं वागतं. २०१३ साली लॉयश्ट आणि सहकाऱ्यांनी पंधरा औषधांची तुलना केली, त्यात परिणामकारकतेत क्लोझापिननंतर दुसरा क्रमांक अ‍ॅमिसल्प्राइडचाच आला. उलट जुनं क्लोरप्रोमाझिन ५-एचटी-२एला चांगलंच धरतं, तरी ते ‘जुनं’च राहिलं.

आज कोण काय म्हणतं

ढोबळ मानानं तीन मतं आहेत. तिन्हींचे कैवारी गंभीर माणसं आहेत.

पहिलं मत जुन्या एलएसडीच्या धाग्याला धरून आहे, फक्त त्याची दिशा उलटली आहे. १९८४ साली रिचर्ड ग्लेनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भास निर्माण करणाऱ्या पदार्थांची ताकद आणि त्यांची ५-एचटी-२ गटातल्या रिसेप्टरवरची पकड बरोबरीनं चढते. म्हणजे एलएसडी या जागी सेरोटोनिनला अडवत नाही, त्याची भूमिका वठवतं. वूली आणि शॉ यांनी कमतरता म्हटलं होतं, आता अतिउत्तेजना म्हटलं जातं. या मताचा सर्वांत देखणा पुरावा झुरिचमधून आला. फ्रान्झ फोलेनवायडर यांनी निरोगी स्वयंसेवकांना सायलोसायबिन, म्हणजे भास करणाऱ्या अळंब्यातला अर्क, दिला. काहींना आधी केटान्सेरिन दिलं होतं. ते ५-एचटी-२ए अडवतं. काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल. केटान्सेरिन आणि रिस्पेरिडोन घेतलेल्यांत सायलोसायबिनचा अंमल चढलाच नाही. हॅलोपेरिडॉल हे डोपामिन अडवणारं जबर औषध. त्यानं भास रोखले नाहीत. हा निबंध १९९८ सालचा. माणसात मनोविकृतीसारखी अवस्था डोपामिनला वळसा घालून निर्माण होऊ शकते, एवढं तरी त्यानं निर्विवाद केलं.

यावरचा आक्षेप प्रत्यक्ष रुग्ण पाहणाऱ्यांकडून येतो. सायलोसायबिन घेतलेल्याला आकृत्या दिसतात; स्किझोफ्रेनियात बहुतेकांना आवाज येतात, कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, शिव्या घालतंय. पहिल्याला सहसा ठाऊक असतं की हा घेतलेल्या पदार्थाचा परिणाम आहे. दुसऱ्याची तर तक्रारच ही असते, की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही. आणि स्किझोफ्रेनियाचा खरा जाच ज्यात आहे ते आटलेले भाव, खुंटलेली इच्छा, घरच्यांशीही न बोलणं, ते एलएसडीनं येत नाही. समर्थक म्हणतात, तुलना जुनाट आजाराशी करू नका, पहिल्या झटक्याच्या सुरुवातीच्या दिवसांशी करा. तेव्हा जगाचा अर्थ बदलल्याची, सगळ्यात काहीतरी संकेत असल्याची जाणीव दोन्हीकडे सारखी असते. मला या उत्तरात तथ्य वाटतं, पण त्यानं सिद्धांताचा परीघ आपोआप आक्रसतो, हेही मान्य करायला हवं.

दुसरं मत सेरोटोनिनला कर्त्याऐवजी नियंत्रकाची जागा देतं. मेंदूच्या दांड्यात राफे नावाच्या केंद्रकांतून सेरोटोनिनचे तंतू जवळपास सगळ्या मेंदूभर पसरतात. ते डोपामिन सोडणाऱ्या पेशींवर उतरतात, मेंदूच्या बाह्यपटलातल्या ग्लुटामेट सोडणाऱ्या पेशींवरही उतरतात. त्यामुळे ५-एचटी-२ए अडवलं की काही भागांत डोपामिन वाढतं आणि हातपाय ताठरणं कमी होतं. ५-एचटी-१ए चाळवलं तरी तशाच दिशेचा परिणाम होतो. अ‍ॅरिपिप्राझोल आणि कॅरिप्राझिन या औषधांत ही दोन्ही अंगं थोडीथोडी आहेत. अलीकडचे बरेच लेखक डोपामिन, ग्लुटामेट आणि सेरोटोनिन या तिघांची जाळी एकमेकांत अडकलेली दाखवतात, कुठल्याही एका टोकाला ओढ बसली तरी शेवटी भास उमटू शकतात. हे मत पटणारं आहे. त्यातली अडचणही त्याच्या लवचिकपणातच आहे : जवळजवळ कुठलाही निष्कर्ष त्यात बसवता येतो.

तिसरं मत शंकेखोरांचं. त्यांच्या लेखी मनोविकृती हटवण्याचं काम डी-२ करतं, सेरोटोनिनचा संबंध फार तर दुष्परिणामांशी. दुष्परिणामांपुरतं तर कुणाचंच दुमत नाही. ओलान्झापिन आणि क्लोझापिनवर वजन भराभर वाढतं, त्यात हिस्टामिनबरोबर ५-एचटी-२सी रिसेप्टरचा हात आहे. २००५ साली अमेरिकेतली मोठी ‘केटी’ चाचणी आणि पाठोपाठ ब्रिटनमधली ‘कटलास’ चाचणी आली. दोन्हींत नव्या औषधांची जुन्यांवरची सरशी अपेक्षेपेक्षा फारच फिकी निघाली. क्लोझापिन तेवढं अपवाद राहिलं. सेरोटोनिनचं प्रमाण हेच रहस्य असतं, तर त्याच प्रमाणाची बाकीची औषधंही क्लोझापिनइतकीच सरस निघायला हवी होती.

थेट पुरावा

औषधं बाजूला ठेवून रुग्णाच्या मेंदूतच सेरोटोनिनचं काही बिघडलेलं दिसतं का? इथे पुरावा आहे, पण विरळ. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत कपाळामागच्या बाह्यपटलात ५-एचटी-२ए कमी आणि ५-एचटी-१ए जास्त, असं चित्र अनेकदा दिसलं आणि २०१४ साली सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हाही ते टिकलं. पण यातल्या बहुतेकांनी आयुष्यभर औषधं घेतलेली, आणि तीच औषधं ५-एचटी-२ए घटवतात. म्हणून कोपनहेगनचा २०१० सालचा अभ्यास मोलाचा : औषधाची एकही गोळी न घेतलेल्या, पहिल्याच झटक्यातल्या ३० रुग्णांच्या मेंदूत समोरच्या भागात हा रिसेप्टर निरोगी माणसांपेक्षा कमी आढळला. सगळ्याच गटांना मात्र तसं दिसलेलं नाही. शिवाय रिसेप्टर कमी असणं हे सेरोटोनिन जास्त झाल्याचं उत्तर आहे की मूळचाच दोष, हे त्या एका चित्रावरून सांगता येत नाही.

पाठीच्या कण्यातल्या द्रवात सेरोटोनिनचा चोथा मोजून पाहिला, रक्तातल्या प्लेटलेटमधलं सेरोटोनिन मोजलं. कधी जास्त, कधी कमी, कधी फरकच नाही.

जनुकांनी तर सेरोटोनिनची बाजू उघडी पाडली. १९९६ साली ५-एचटी-२ए रिसेप्टरच्या जनुकातल्या एका बदलाचा स्किझोफ्रेनियाशी संबंध असल्याचं युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून छापलं होतं. पुढे नमुने हजारांवरून लाखांवर गेले. २०१४ साली स्किझोफ्रेनियाशी निगडित १०८ जागा जीनोमवर सापडल्या. त्यांत डी-२ रिसेप्टरचं जनुक होतं, ग्लुटामेटशी संबंधित जनुकं होती, ५-एचटी-२एचं नव्हतं. जन्मजात धोक्याचा मोठा भाग सेरोटोनिनच्या जनुकांतून येतो, असं म्हणायला आज आधार नाही. यावर समर्थकांचं म्हणणं असं, की दोष दुसरीकडे सुरू होऊन सेरोटोनिनच्या वाटेनं पुढे जाऊ शकतो. ते शक्य आहे. सिद्ध झालेलं नाही.

चाचण्यांचा निकाल

सेरोटोनिनच मुख्य असेल तर फक्त ५-एचटी-२ए अडवून, डोपामिनला हात न लावता, आजार आटोक्यात यायला हवा. ही कसोटी सरळ आहे आणि ती घेतलीही गेली. एम-१००९०७ हे असं पहिलं नेमकं औषध. हॅलोपेरिडॉलच्या तुलनेत ते उणं पडलं आणि स्किझोफ्रेनियासाठी सोडून दिलं गेलं. पिमाव्हॅन्सेरिनची गोष्ट अधिक बोधक. पार्किन्सनच्या रुग्णांना आजार वाढला की दिसू लागणारे भास, खोलीत नसलेली माणसं, अंगावर चढणारे किडे, हे त्या गोळीनं कमी झाले आणि हालचाली आणखी मंदावल्या नाहीत. २०१६ साली अमेरिकेनं तिला मान्यता दिली. डोपामिनला न शिवता भास हटवणारं हे पहिलं मान्य औषध. पण स्किझोफ्रेनियात तीच गोळी जोडऔषध म्हणून दिली तेव्हा २०१९ सालच्या एका मोठ्या चाचणीत अपेक्षित फरक पडला नाही. खुंटलेल्या इच्छेसारख्या लक्षणांवर आधी थोडी आशा दिसली आणि २०२४च्या निर्णायक चाचणीत तीही मावळली. रोल्युपेरिडोन याच लक्षणांसाठी पुढे आलं होतं, त्याला २०२४ साली अमेरिकी नियामकांनी नकार दिला. ५-एचटी-१ए आणि टार-१ असे दोन रिसेप्टर चाळवणारं उलोटारॉन्ट २०२०च्या चाचणीत चमकलं, २०२३च्या दोन मोठ्या चाचण्यांत प्लासिबोच्या पुढे जाऊ शकलं नाही.

आणि २०२४च्या सप्टेंबरात डोपामिनचा रिसेप्टर न अडवणारं पहिलं औषध खास स्किझोफ्रेनियासाठी मान्य झालं खरं. पण झॅनोमेलिन-ट्रॉस्पियमचं ते जोडगोळी औषध अ‍ॅसिटिलकोलिनच्या मस्करिनिक रिसेप्टरवर चालतं. सत्तर वर्षं डोपामिनशी झुंजणाऱ्या सेरोटोनिनला तिसऱ्यानंच मागे टाकलं.

न सुटलेलं

माझ्या मते कारण म्हणून सेरोटोनिनचा दावा आज दुबळा आहे, एका लक्षणगटाचा मार्ग म्हणून तो बळकट आहे, आणि औषधांच्या गुणात त्याचा हिस्सा किती हे मोजायचं राहिलं आहे. पार्किन्सनमधले भास आणि स्किझोफ्रेनियातले भास एकाच गोळीला वेगवेगळा प्रतिसाद का देतात, हा मला सर्वांत फलदायी प्रश्न वाटतो. भासाचा मार्ग एक नसून अनेक आहेत, आणि ‘स्किझोफ्रेनिया’ या एका नावाखाली अनेक आजार दडलेत, अशी शंका बळावते. तसं असेल तर काही थोड्या रुग्णांत सेरोटोनिनच मुख्य असूही शकेल. पण त्यांना बाकीच्यांतून वेगळं काढणारी तपासणी आज कुणाकडे नाही. क्लोझापिन सरस का, हे कोडंही तसंच पडून आहे. मेंदूत त्या क्षणी किती सेरोटोनिन सुटतंय हे दाखवणाऱ्या नव्या पेट-खुणा गेल्या काही वर्षांत हाती आल्या आहेत. नुसते रिसेप्टर मोजण्यापेक्षा हा मार्ग थेट आहे, पण रुग्णांची संख्या प्रत्येक अभ्यासात अजून मूठभरच असते.

घरात हा आजार असलेल्यांनी या वादातून तीन गोष्टी घ्याव्यात. ‘मेंदूतलं सेरोटोनिन तपासतो’ म्हणून कुणी रक्त किंवा लघवीची महागडी चाचणी सांगितली तर पैसे घालवू नका. निदानाला तिचा काही उपयोग नाही. सायलोसायबिन आणि एलएसडीवरच्या नव्या संशोधनाच्या बातम्या येत असतात, त्या चाचण्यांतून स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला मनोविकृती झालेल्यांना वगळलं जातं, हे घरातल्या तरुण मुलांना सांगून ठेवा. आणि सिद्धांत कुणाचाही खरा ठरो, चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. क्लोझापिन सुरू असेल तर रक्ततपासणीची तारीख चुकवू नका.